कवठ: आंबटपणा, जेली आणि नावांचा घोळ

आमच्या कळसकडे, इंदापूर-बारामतीच्या भागात, महाशिवरात्रीच्या उपवासाला कवठाची चटणी करतात. कवच फोडून गर काढायचा, त्यात गूळ, तिखट, मीठ, जिरं घालून वाटायचं. गूळ हवाच, कारण गरात सायट्रिक आम्ल असतं. शास्त्रीय नावच बघा: लिमोनिया ॲसिडिसिमा. लॅटिनमध्ये 'ॲसिडिसिमा' म्हणजे अतिशय आंबट.

कवठाची जेलीही छान जमते. जेलीला पेक्टिन, आम्ल आणि साखर लागते. सामू 3 च्या आसपास असला की पेक्टिनचे रेणू एकमेकांना कमी ढकलतात. साखर 65 टक्क्यांच्या जवळ गेली की ती पाणी ओढून घेते आणि रेणूंचं जाळं तयार होतं. आम्ल आणि पेक्टिन कवठात असतंच, आपण फक्त साखर घालतो.

आता संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी. कवठावरचे पेपर एकाच नावाने शोधू नका. जुनं काम 'फेरोनिया लिमोनिया' आणि 'फेरोनिया एलिफँटम' या नावांनी आहे. ते सुटलं, तर झालेलेच प्रयोग पुन्हा कराल. याउलट, इंग्रजीतलं 'वुड ॲपल' कधी कवठासाठी वापरतात, कधी बेलासाठी. दोन्ही लिंबाच्या कुळातली, पण बेल म्हणजे एगल मार्मेलॉस, वेगळंच झाड. बेलाचे आकडे कवठाच्या तक्त्यात शिरले, तर पुढची तुलनाच चुकते. म्हणून आकडा उचलण्याआधी पेपरमधलं शास्त्रीय नाव तपासा. आणि स्वतःचा नमुना वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळखून घ्या, मगच प्रयोगाला लागा.