वेगाची परीक्षा, वाचनाची कसोटी

महाराष्ट्रात लघुलेखकाची ओळख आकड्याने होते. लघुटंकलेखकाला मिनिटाला 80 शब्द, निम्नश्रेणी लघुलेखकाला 100, उच्चश्रेणीला 120. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र देते ते वेगाच्या टप्प्यानुसार, आणि सरकारी जाहिरातीही तोच आकडा मागतात. साहजिकच वाणिज्य संस्थांमधल्या मुलांच्या तोंडीही ‘माझी 80 झाली, आता 100 ला बसतोय’ हीच भाषा असते. वेग लागतोच. पण तो या विद्येचा अर्धा भाग आहे, आणि त्यातला सोपा अर्धा. घेतलेला मजकूर बिनचूक परत वाचता येणे हे खरे अवघड काम, आणि आपले शिकवणे व गुणदान दोन्ही त्याच्याकडे पुरेसे लक्ष देत नाहीत.

केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या कौशल्य चाचणीचे गणित मांडून पाहावे. ‘डी’ श्रेणीच्या उमेदवाराला 80 च्या वेगाने 10 मिनिटे, म्हणजे 800 शब्द सांगतात. ते संगणकावर उतरवायला इंग्रजीत 50 आणि हिंदीत 65 मिनिटे मिळतात. इंग्रजीत हा वेग मिनिटाला 16 शब्द पडतो, हिंदीत जेमतेम 12. मराठी टंकलेखनाची अट तर 30 शब्दांची असते. बोटांना एवढा वेळ लागत नाही. तो स्वतःच्याच रेषा वाचण्यासाठी दिलेला असतो. वाचन हे कष्टाचे काम आहे, हे परीक्षेच्या वेळापत्रकानेच कबूल केले आहे.

हे कष्ट पद्धतीतच आहेत. आयझॅक पिटमन यांनी 1837 मध्ये मांडलेले लघुलेखन उच्चारावर चालते. ‘प’ची रेषा बारीक, तीच दाबून काढली की ‘ब’. ‘त’ आणि ‘द’चेही तसेच. (म्हणून तर या वर्गात बॉलपेनपेक्षा पेन्सिलीला मान.) स्वरांसाठी ठिपके आणि छोट्या रेघा आहेत, पण वेग वाढला की त्या गाळाव्याच लागतात. उरते ती रेषेची जागा: ओळीच्या वर, ओळीवर की ओळीला छेदून. त्यावरून स्वराचा अंदाज येतो, पण 100 च्या वेगात हात जागा चुकतो. मग व्यंजनांचा सांगाडा तेवढा हाती राहतो आणि ‘मदत’ की ‘मुदत’, ‘सदर’ की ‘सादर’, ‘पात्र’ की ‘पुत्र’ हे वाक्यावरून ठरवावे लागते. ‘अर्जदाराला मुदत देण्यात यावी’ आणि ‘अर्जदाराला मदत देण्यात यावी’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. त्यातले कोणते खरे, हे ज्याला आधीच्या दोन वाक्यांचा विषय कळला आहे त्यालाच सांगता येईल. हातापेक्षा इथे भाषेची जाण आणि कार्यालयीन व्यवहाराची समज जास्त कामाला येते. वर्गात मात्र तोच उतारा घड्याळ लावून पुन्हा पुन्हा घातला जातो. चौथ्या वेळेपर्यंत तो पाठ झालेला असतो, आणि मुलगा रेषा वाचत नसून आठवणीतून लिहीत असतो. वेग वाढल्याचे समाधान मिळते, वाचन तिथल्या तिथेच राहते.

गुणदानातही हेच दिसते. आयोगाच्या तपासणीत गाळलेला, बदललेला किंवा जादा घातलेला शब्द ही पूर्ण चूक. शुद्धलेखनाची ती अर्धी. म्हणजे ‘व’ गळला काय आणि ‘नाही’ गळला काय, वजा होणार सारखेच. साक्षीदार ‘मी तिथे नव्हतो’ म्हणाला आणि कागदावर ‘होतो’ आले, तर ती नुसती एका शब्दाची चूक कशी म्हणावी? यावर परीक्षकांचा आक्षेप रास्त आहे: अर्थाचे वजन ज्याच्या त्याच्या मतावर सोडले, तर हजारो उत्तरपत्रिकांत समानता राहणार नाही आणि तंटे वाढतील. पण पूर्ण आणि अर्धी असा भेद आपण आधीच मान्य केला आहे. त्यात नकार, आकडे आणि विशेषनामे यांसाठी दुप्पट चुकीचा तिसरा वर्ग घातला, तर तपासणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. यादी आधीच ठरलेली असेल.

दुसरा आक्षेप मोठा आहे: बोललेले यंत्रच उतरवत असेल, तर हे शिकवायचेच कशाला? सर्वोच्च न्यायालयाने 21 फेब्रुवारी 2023 रोजी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीतच यंत्राकरवी थेट लेखन सुरू केले. पण यंत्राने काढलेली प्रत वकिलांकडून तपासून घ्यायची, हेही तेव्हाच ठरले. तपासायला ऐकलेला आणि लिहिलेला शब्द यांतला फरक पकडणारा माणूस लागतो. दोघे एकाच वेळी बोलतात, कोणी वाक्य अर्धवट सोडते, साक्षीदार आपल्या बोलीत उत्तर देतो. तिथे कोणता शब्द अभिप्रेत होता हे ठरवण्याची तालीम आज लघुलेखनाचा वर्गच देऊ शकतो, मात्र त्याने वेगाइतकाच वेळ वाचनाला दिला तर. त्यासाठी रोज एक न ऐकलेला उतारा द्यावा, न्यायालय, विधिमंडळ, महसूल असे विषय बदलत राहावेत आणि आठ दिवसांपूर्वीचे पान उघडून ते उतरवायला लावावे. 120 चा उमेदवार ते वाचू शकला नाही, तर त्याला प्रमाणपत्र 100 चेच द्यावे.