आकाशातले विकतचे ताट

मुंबईहून गुवाहाटीस जाणारे विमान सुमारे ३ तास आकाशात असते. घर सोडणे, विमानतळ गाठणे, तपासणीच्या रांगा हे सारे धरले, तर प्रवाशाचा निम्मा दिवस सहज मोडतो. अशा प्रवासातील जेवणास चैन म्हणता येणार नाही.

२००३ साली एअर डेक्कनने भाडे उतरविले आणि ताट वगळले. सौदा उघड होता. ज्याला भूक नाही त्याने जेवणाचे पैसे का भरावेत, या प्रश्नात तथ्यही होते. २०१३ मध्ये जेवणाचा आकार वेगळा घेण्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने रीतसर मुभा दिली. अपवाद केला तो पिण्याच्या पाण्याचा. परंतु ३० हजार फुटांवर दुसरे दुकान नसते. स्पर्धेने भाव उतरतात हा बाजाराचा नियम विमानाचे दार बंद होताच संपतो.

विलंबाच्या नियमाचा मासला तर पाहण्याजोगा आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणास २ तास उशीर झाला की कंपनीने खाणे पुरवावे लागते. त्याहून लांबच्या उड्डाणास मात्र ३ तासांनंतर! ज्याला दूर जायचे, त्यानेच अधिक काळ उपाशी थांबायचे.

डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर १० रुपयांत चहा देणारे उपाहारगृह सुरू झाले. जमिनीवर भाव आवरता येतात, तर लांबच्या उड्डाणात ठरावीक माफक दराचे एक साधे ताट, पोळी-भाजीचे वा दहीभाताचे, ठेवण्याची अट घालण्यास अडचण कोणती? मुलाबाळांसह निघालेला कारकून तूर्त घरचा डबाच बरोबर घेतो.