‘माझं ऑपरेशन झालंय’

ओटीपोट धरून आलेल्या बाईला ‘पाळी कधी आली होती?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘माझं ऑपरेशन झालंय.’ तिच्या लेखी प्रश्न तिथेच मिटतो. वाईट याचं वाटतं, की कधी कधी विचारणाऱ्याच्या लेखीही मिटतो आणि बाई पोटदुखीची गोळी घेऊन घरी जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं हे कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आढळलं. तेव्हा ‘ऑपरेशन झालं, आता दिवस जाणार नाहीत’ हा गैरसमज घरोघरीचा आहे.

ऑपरेशननंतर दिवस राहतच नाहीत, असं नाही. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून १९९६ साली निष्कर्ष मांडले गेले. दहा वर्षांत हजारातल्या साधारण अठरा-एकोणीस जणींना दिवस गेले होते. ऑपरेशनच्या वेळी वय जितकं कमी, तितकी ही शक्यता जास्त. आपल्याकडे तर पंचविशीतच नळ्या बांधून मोकळ्या झालेल्या कितीतरी जणी आहेत.

असे दिवस गेले की ‘जड उचललं, टाके तुटले’ हे बोलणं बायका एकमेकींना ऐकवतात आणि स्वतःला दोष देत बसतात. पोटावरच्या टाक्यांचा याच्याशी काही संबंध नाही. टाक्याच्या ऑपरेशनमध्ये गर्भनलिकेचा वेढा वर उचलून विरघळणाऱ्या धाग्याने बांधतात आणि वेढ्याचा वरचा भाग कापतात. धागा विरघळला की दोन्ही टोकं एकमेकांपासून दूर व्हावीत, असा त्यामागचा विचार. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये वेढ्यावर सिलिकॉनची बारीक रिंग चढवतात. पण शरीर जखम भरून काढतंच. क्वचित टोकं पुन्हा जुळतात किंवा बारीकसं छिद्र राहतं. शुक्रजंतू त्यातून पार होतो. त्याच्या मानाने कितीतरी मोठं असलेलं फलित बीज मात्र गर्भाशयाकडे येताना तिथेच अडकतं आणि नळीतच रुजतं. हीच अस्थानिक गर्भधारणा. एरवी शंभर गर्भधारणांमध्ये अशी एखाद-दुसरी असते. त्या अमेरिकन पाहणीत मात्र ऑपरेशननंतर राहिलेल्या गर्भांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा असा होता. ‘आता दहा वर्षं झाली, आता कसली भीती’ असंही म्हणता येत नाही. पहिल्या तीन वर्षांइतकाच हा धोका पुढेही राहिलेला दिसला.

याचा अर्थ ऑपरेशनमुळे नळीत गर्भ राहतो, असा काढू नये. कुठलंच साधन न वापरणाऱ्या स्त्रीपेक्षा ऑपरेशन झालेलीचा एकूण धोका कमीच असतो. दिवस गेलेच, तर मात्र गर्भ कुठे आहे हे आधी शोधायचं.

‘थोडं लाल गेलं, म्हणजे पाळी आली’ ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते. नळीतल्या गर्भातही रक्तस्राव होतो. उशिरा, थोडा, कधी काळपट. चाळिशीजवळची बाई त्याला पाळी जाण्याची लक्षणं समजते. एका बाजूला ओटीपोटात दुखणं, चक्कर, शौचाला लागल्यासारखं वाटणं आणि आडवं झाल्यावर खांद्याच्या टोकाला कळ, ही लक्षणं ओळखायला हवीत. खांद्याला काहीच झालेलं नसतं. नळी फुटून पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला डिवचतं म्हणून तिथे कळ येते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, रात्रीच मोठं रुग्णालय गाठावं.

लघवीच्या तपासणीत दोन रेघा उमटतात, पण गर्भ कुठे आहे हे त्या रेघा सांगत नाहीत. ते कळतं सोनोग्राफीतून आणि दोन दिवसांच्या अंतराने केलेल्या बीटा एचसीजी या रक्ततपासणीतून. म्हणूनच मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. त्यांनी नळीतला गर्भ जात नाही. रक्तस्राव होतो, सुटलो असं वाटतं आणि आत नळी ताणली जात राहते. लवकर कळलं तर मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनने भागू शकतं, नाहीतर शस्त्रक्रिया. तो गर्भ उचलून गर्भाशयात ठेवण्याची सोय वैद्यकशास्त्रात अजून नाही.

काही घरांत दुखण्याआधी संशय उभा राहतो. ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस कसे गेले, असं नवरा विचारतो, सासू विचारते. त्या भीतीने ती चुकलेली पाळी लपवते. नवऱ्यापासूनच दिवस जाऊ शकतात, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगायला हवं.

गर्भ गर्भाशयात असेल आणि नको असेल, तर गर्भनिरोधनाचं साधन फसल्याच्या कारणावरून वीस आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. ऑपरेशन सरकारी योजनेतलं असेल तर अपयशाबद्दल भरपाईही मिळते. त्यासाठी दिवस गेल्याचं कळल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज करावा लागतो. ऑपरेशनचा दाखला रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवून द्यावा.