वेबपानावरचा मजकूर स्क्रिप्टने उचलताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाजार समितीच्या पानावरचा कांद्याचा भाव रोज एक्सेलमध्ये हाताने चिकटवणारे कमी नाहीत. हेच काम पायथनच्या पंधरा-वीस ओळींत होतं: 'रिक्वेस्ट्स' ही लायब्ररी पान आणते आणि 'ब्यूटिफुल सूप' त्यातून हवा तो मजकूर वेगळा काढते. मात्र या कामाबद्दल काही समज उगाच रुजले आहेत.

गैरसमज: पडद्यावर दिसतं ते सगळं स्क्रिप्टला मिळतं.
वस्तुस्थिती: पुष्कळ पानं आधी नुसता सांगाडा पाठवतात आणि त्यात आकडे नंतर जावास्क्रिप्ट भरते. स्क्रिप्टच्या हाती येतो तो रिकामा सांगाडा. अशा वेळी ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून 'नेटवर्क' टॅब उघडावा आणि पान पुन्हा लोड करावं. बहुधा तेच आकडे जेसॉन स्वरूपात येताना दिसतात. मग स्क्रिप्टने थेट त्याच पत्त्यावर विनंती करावी.

गैरसमज: पायथनला मराठी जमत नाही.
वस्तुस्थिती: सर्व्हरने एन्कोडिंग कळवलं नसेल, तर 'रिक्वेस्ट्स' साध्या वेबपानासाठी आयएसओ-८८५९-१ गृहीत धरते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. त्यामुळे पाच चिन्हांच्या 'कांदा'ची पंधरा अगम्य चिन्हं होतात. एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं एका ओळीत सांगितलं की मजकूर ठीक दिसतो. देवनागरी आकडे तर पायथनला थेट कळतात, फक्त '१,८५०' मधला स्वल्पविराम आधी काढावा लागतो.

गैरसमज: रोबॉट्स.टीएक्सटी हे कुलूप आहे.
वस्तुस्थिती: मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेला हा संकेत २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ म्हणून प्रमाणित झाला. ही फाइल कोणालाही अडवत नाही. संकेतस्थळावर स्क्रिप्टने कुठे जाऊ नये, एवढंच ती सांगते, पाळणं आपल्याकडे. दोन विनंत्यांमध्ये काही सेकंद थांबावं. ४२९ हे उत्तर आलं, तर विनंत्या फार होत आहेत असं समजावं.

गैरसमज: उघड्यावर आहे, म्हणजे घ्यायला मोकळीक आहे.
वस्तुस्थिती: हायक्यू ही कंपनी लिंक्डइनवरची उघडी माहिती स्क्रिप्टने उचलत असे. त्यावरून अमेरिकेत झालेल्या हायक्यू विरुद्ध लिंक्डइन खटल्याचा दाखला नेहमी देतात, पण अर्धाच. एप्रिल २०२२ मध्ये अपील न्यायालयाचा प्राथमिक कौल हायक्यूच्या बाजूने लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मात्र हायक्यूने वापराच्या अटी मोडल्याचं जिल्हा न्यायालयाने ठरवलं. भारतातही माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय डेटा काढून घेण्याबद्दल बोलतं. म्हणून अटी आधी वाचाव्यात.

गैरसमज: एकदा चालली की स्क्रिप्टकडे बघायला नको.
वस्तुस्थिती: तक्त्यातली प्रत्येक ओळ 'टीआर' टॅगमध्ये आणि प्रत्येक रकाना 'टीडी'मध्ये असतो. पाचवा 'टीडी' म्हणजे कमीत कमी दर आणि सहावा म्हणजे जास्तीत जास्त दर, असं धरून स्क्रिप्ट लिहिली आणि उद्या त्या दोन्हींच्या अलीकडे एक रकाना वाढला, तर कमीत कमी दर जास्तीत जास्त म्हणून नोंदला जाईल आणि एररही येणार नाही. त्यामुळे आधी रकान्याचं शीर्षक तपासावं आणि ते जुळलं नाही, तर स्क्रिप्ट तिथेच थांबवावी. चुकीचा भाव गुपचूप साठवत राहण्यापेक्षा ती अडून बसलेली परवडते.