टोकियोचे डोमकावळे आणि आपले उष्टे अन्न

नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत आयुष्य गेलेल्या माणसाला कावळ्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. जिथे धान्य आणि माणसांची वर्दळ, तिथे कावळा असायचाच. तरीही जपानच्या सहलीत टोकियोच्या उएनो उद्यानातील कावळ्यांनी आम्हा सर्व सहप्रवाशांना थबकून पाहावयास लावले. राखाडी मानेचा आपला गावकावळा सुमारे 40 सेंटिमीटर लांबीचा असतो. हा कावळा 55 सेंटिमीटरच्या आसपास, संपूर्ण काळा, जाड बाकदार चोचीचा आणि खणखणीत आवाजाचा. आपल्याकडील डोमकावळ्याचाच हा थोरला भाऊबंद होय.

उएनोला लागूनच ओकाचिमाची ही रत्ने व दागिन्यांची पेठ आहे. आपल्या समाजातील व्यापारीही तिथे आहेत, म्हणून हा परिसर वाचकांना अगदीच परका नाही. वसंत ऋतूत पिलांच्या रक्षणासाठी हे पक्षी पादचाऱ्यांच्या डोक्यावर मागून झेप घेतात. गच्चीत वाळत टाकलेल्या कपड्यांचे तारेचे हँगर पळवून ते घरटी बांधतात. विजेच्या खांबावर असे घरटे झाले की कधी वीजपुरवठाच खंडित होतो.

एवढ्या शिस्तप्रिय नगरीत त्यांची इतकी भरभराट कशी झाली? उत्तर कचऱ्यात आहे. हॉटेले व घरे यांतील उरलेले अन्न पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवले जाई. कावळा अन्न शोधतो तो मुख्यतः डोळ्यांनी, आणि आतील जिन्नस दाखवणारी पिशवी म्हणजे त्याला वाढलेले ताटच. 2001 मध्ये शहरातील कावळ्यांची संख्या सुमारे 36 हजारांवर पोहोचली होती. तेव्हाचे राज्यपाल शिंतारो इशिहारा यांनी मोहीम उघडली. उद्यानांत सापळ्याचे मोठे पिंजरे लागले आणि पकडलेले पक्षी मारले गेले. सोबत कचऱ्यावर जाळ्या अंथरण्याचा व तो लवकर उचलण्याचा उपायही झाला. पुढील वीस वर्षांत ही संख्या एक तृतीयांशाहून खाली आली.

या हिशेबात एक नोंद मनाला बोचते. अन्न उघड्यावर टाकले माणसाने आणि प्राण गेले पक्ष्यांचे. शिवाय अन्न तसेच पडून राहिले, तर मारलेल्या पक्ष्यांची जागा दुसरे घेतात. जाळी अंथरण्यात मात्र कोणाचाही जीव जात नाही आणि तिचा खर्चही किरकोळ असतो.

आपल्याकडे लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या मागे उष्ट्या अन्नाचे ढीग पडतात. त्यावर कावळे, कुत्री, डुकरे पोसली जातात, आणि पुढे त्यांच्या उपद्रवाची तक्रार आपणच नगरपालिकेकडे नेतो. ताटात हवे तेवढेच वाढून घेणे आणि उरलेले झाकून ठेवणे हे आपल्या हाती आहे. पक्ष्यांवर पिंजरा लावण्याची वेळ येऊ नये, यासाठी जीवदयेचा आरंभ पंगतीपासूनच व्हावा.