मुलगा अमेरिकेत शिकतो, त्याच्या कराचा हिशेब कोण पाहतो?

आपल्यातील व्यापारी आणि कारागीर बांधव मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी धंद्यातील भांडवल मोकळे करतात, प्रसंगी जागाही विकतात. फी किती, डॉलरचा भाव काय, याची चौकशी बारकाईने होते. परंतु तेथील करकायद्यात आपला मुलगा किंवा मुलगी कोण ठरते, हे फारसे कोणी विचारीत नाही. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत भारताचे ३ लाख ३१ हजारांहून अधिक विद्यार्थी होते. भिवंडी-मालेगावपासून कोकणापर्यंतच्या घरांतील मुलेही तिकडे जात आहेत. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

पाच वर्षांचा हिशेब

अमेरिकेच्या करकायद्यात परदेशी माणूस रहिवासी असतो किंवा अनिवासी. रहिवाशाला जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब द्यावा लागतो, अनिवाशाला मुख्यतः अमेरिकेतील उत्पन्नाचा. ग्रीन कार्ड नसले म्हणजे माणूस अनिवासीच राहतो, ही समजूत चुकीची आहे. चालू वर्षी किमान ३१ दिवस मुक्काम असेल, आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश व त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश मिळून १८३ भरले, तर तो रहिवासी ठरतो.

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला यात सूट आहे. त्याच्या पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांचे दिवस मोजले जात नाहीत. येथेच अनेकांची चूक होते. ऑगस्ट २०२१ मध्ये गेलेल्या मुलाचे २०२१ हे पूर्ण एक वर्ष धरले जाते. त्याची पाच वर्षे डिसेंबर २०२५ मध्ये संपली. २०२६ मध्ये १८३ दिवस भरले की तो १ जानेवारीपासूनच रहिवासी धरला जातो. या पाच वर्षांत काही कमाई नसली तरी दरवर्षी ८८४३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो.

कराराची खास सवलत

भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ मध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. त्याच्या २१ व्या कलमानुसार शिक्षणासाठी व खर्चासाठी घरून पाठविलेल्या पैशावर विद्यार्थ्याला अमेरिकेत कर लागत नाही. याच कलमात आणखी एक मोठी सवलत आहे. अनिवाशाला एरवी न मिळणारी प्रमाणित वजावट भारतीय विद्यार्थ्याला मिळते. २०२५ सालासाठी एकट्या माणसाची ही वजावट १५,७५० डॉलर आहे.

समजा, मुलाने विद्यापीठाच्या वाचनालयात काम करून वर्षात १२,००० डॉलर मिळविले. ही वजावट मागितली तर केंद्राचा आयकर शून्य. मागितली नाही तर सुमारे १,२०० डॉलर जातात. त्यासाठी १०४०-एनआर हाच फॉर्म हवा. पुष्कळ मुले मित्राचे पाहून रहिवाशांचा साधा १०४० भरतात आणि हक्क नसलेल्या सवलती घेतात. पुढे ते निस्तरावे लागते. राज्याचा कर वेगळा असतो, आणि कॅलिफोर्निया तर या कराराला मानत नाही.

अनिवासी विद्यार्थ्याच्या परवानगीच्या नोकरीतून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर यांची ७.६५ टक्के कपात होऊ नये, असाही नियम आहे. ३०,००० डॉलर पगारावर ही रक्कम २,२९५ डॉलर होते. चुकून कापली गेली तर आधी मालकाकडे मागावी. त्याने दिली नाही तर ८४३ क्रमांकाच्या फॉर्मवर सरकारकडे मागता येते.

प्राध्यापक व संशोधक

जे-१ व्हिसावर जाणाऱ्या अध्यापक-संशोधकांसाठी वरची प्रमाणित वजावट नाही. त्यांना २२ वे कलम लागू होते. विद्यापीठात शिकविण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचे वेतन दोन वर्षांपर्यंत करमुक्त असते. मात्र मुक्काम दोन वर्षांपुढे गेला तर आधीची माफीही हातची जाऊ शकते. म्हणून मुदत वाढविण्यापूर्वी सल्ला घेणे शहाणपणाचे.

पेढीत मुलाचे नाव असेल तर

आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते ती ही बाब. आपल्याकडे मुलगा अठराचा झाला की त्याला पेढीत दोन आण्यांचा भागीदार करतात, चालू खात्यावर त्याची सही ठेवतात, मुदत ठेवीत त्याचे नाव घालतात. मुलगा अनिवासी असेपर्यंत याचा तेथे त्रास नाही. रहिवासी ठरला की नफ्यातील त्याचा वाटा अमेरिकेत दाखवावा लागतो, तो त्याने उचलला नसला तरी. येथे भरलेल्या कराची सूट काही बाबतींत मिळते, पण ती मागावी लागते.

शिवाय अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांची रक्कम मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरपुढे गेली, तर त्यांची माहिती वेगळी कळवावी लागते. पैसा त्याचा नसून केवळ सहीचा अधिकार असला तरी तेच. अनवधानाने चुकले तरी दंड १०,००० डॉलरच्या वर जाऊ शकतो. म्हणजे दुकानाच्या खात्यावर सोयीसाठी ठेवलेली सही मुलाला महागात पडू शकते. पाचवे वर्ष संपण्यापूर्वीच वकील किंवा सीए यांना विचारून या नावांचा फेरविचार करावा.

काय करावे?

मुलाने कोणत्या तारखेला अमेरिकेत पाऊल ठेवले, ती तारीख वडिलांनीही लिहून ठेवावी. आय-२०, व्हिसा, मालकाकडून मिळणारा डब्ल्यू-२ आणि भरलेल्या विवरणपत्राच्या प्रती जपून ठेवाव्यात. पगार असेल तर विवरणपत्राची मुदत पुढील वर्षाच्या १५ एप्रिलपर्यंत असते. येथून पैसे पाठविताना बँक टीसीएस कापते. १ एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा वर्षाला १० लाख रुपये आहे. कापलेली रक्कम आपल्या विवरणपत्रात वळती करून घेता येते, तेव्हा तिची पावती टाकून देऊ नये.

उधारीचे व्यवहार लिहून ठेवावेत, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे. आपले वडीलधारे वही चोख ठेवीत. मुलांनीही तीच सवय सातासमुद्रापार न्यावी. हक्काचे सोडू नये आणि बिनहक्काचे घेऊ नये. इन्शाअल्लाह, मग पदवी घेताना मागे कसली नोटीस येणार नाही.