शनिवारचा बंद घाणा

कोकणात, पूर्वीच्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या गावांत, बेने इस्राएल यहुद्यांना शेजारीपाजारी ‘शनवार तेली’ म्हणत. तेल गाळणे हा त्यांचा पिढीजात धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव पडले. धर्मग्रंथांचा नि हिब्रू भाषेचा संबंध जवळजवळ तुटलेला असतानाही ही चाल त्यांनी सोडली नाही. शेजारचा घाणा फिरत असताना आठवड्यातील एका दिवसाच्या मिळकतीवर पाणी सोडणे ही गरिबाला काही लहानसहान गोष्ट नव्हे. हे लोक नेमके काय पाळीत होते?

श्रोतेहो, शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंतची विश्रांती, एवढेच आपण सामान्यतः समजतो. परंतु यहुदी धर्मशास्त्राचा रोख श्रमावर नाही. घरातल्या घरात जड बाक हलवून माणूस घामाघूम झाला तरी मूळ आज्ञेचा भंग होत नाही. दोन अक्षरे लिहिली तर मात्र होतो. निषिद्ध आहे ती निर्मिती. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात अशा 39 कर्मांची यादी दिली आहे. मोशेच्या काळी अरण्यात जो निवासमंडप उभारला गेला, त्याच्या उभारणीला लागलेली कामे तीच ही, असे शास्त्री सांगतात. देवाच्या घराचे काम ज्या दिवशी थांबवायचे, त्या दिवशी माणसाच्या घराची काय कथा! तेल गाळणे या यादीत मळणीच्या पोटात येते. कणसातून दाणा सोडविणे आणि फळातून तेल सोडविणे ही एकाच जातीची कर्मे होत.

यादीतील बांधकाम मला विशेष कुतूहलाचे वाटते. किती बांधले म्हणजे दोष लागतो? कितीही थोडे, असे मिश्ना सांगते. घरातील जमिनीचा खळगा बुजविला तर ते बांधकाम. शेतातला बुजविला तर नांगरणी. दुधाचे चीज करणे हेही तालमूदच्या मते बांधकामच, कारण तेथेही सुटे कण एकत्र आणून त्यांना घट्ट आकार द्यावयाचा असतो. तंबू उभारणे बांधकामात मोडते, मग छत्रीचे काय? अठराव्या शतकात प्रागचे धर्मगुरू येहेज्केल लांडाऊ यांनी छत्री उघडण्यास मनाई केली, आणि सनातनी यहुदी आजही शब्बाथला छत्रीवाचून पावसात निघतात. हा कीस काढणे झाले, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडील स्मृतींच्या टीकाकारांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना यात परके काही वाटू नये.

मात्र भिंत कोसळून कोणी खाली सापडला, तर? तेथे शास्त्र क्षणाचाही विलंब लावीत नाही. तो आत आहे की नाही, जिवंत आहे की नाही, अशी नुसती शंका असली तरी त्याच दिवशी ढिगारा उपसावा. जिवंत आढळला तर उपसतच राहावे. मृत आढळला तर मात्र शब्बाथ संपेपर्यंत थांबावे.

सहा दिवस माणूस जगात आपल्या इच्छेप्रमाणे फेरफार करतो. सातव्या दिवशी हे जग आपले नव्हे असे समजून हात आवरतो. अन्नावरील स्तुतिवचनांच्या मुळाशीही मालकीचाच प्रश्न आहे. स्तोत्रसंहितेत एके ठिकाणी पृथ्वी परमेश्वराची म्हटली आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ती त्याने मानवाला दिली असे म्हटले आहे. तालमूदमधील पंडित या विरोधाचा परिहार असा करतात की, पहिले वचन स्तुती उच्चारण्यापूर्वीचे आणि दुसरे उच्चारल्यानंतरचे. स्तुतीवाचून खाणे म्हणजे देवस्वाचा अपहार.

मग कोणत्या अन्नाला कोणते वचन, हे ठरविणे ओघानेच आले. द्राक्षरसाचे वेगळे, भाकरीचे वेगळे. परंतु भाकरी म्हणजे गहू, सातू इत्यादी पाचच धान्यांची. आपली तांदळाची भाकरी त्या पंक्तीत बसत नाही, तिला पोटभरीच्या इतर अन्नाचे वचन लागते. फळांत झाडाचे फळ आणि जमिनीचे फळ असा भेद आहे. खोड टिकून पुन्हा फळते ते झाड; म्हणून आंबा, नारळ ही झाडाची फळे. केळीची गोष्ट निराळी. घड आला की ते खोड संपले. पुढचे पीक नव्या कोंबाचे. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी रचलेल्या ‘शुल्हान आरूख’ या आचारग्रंथात केळ्याला जमिनीच्या फळाचेच वचन सांगितले आहे. केळीची बाग पाहिलेल्या कोकणी माणसाला हा निर्णय कोणी समजावून द्यावयास नको.

बेने इस्राएल मंडळी मंगलप्रसंगी एलियाहू हनाबीच्या नावे मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरे कालवून तबक भरतात, भोवती फळे मांडतात. त्या तबकातील खजुरासाठी झाडाच्या फळाचे वचन उच्चारले जाते, आणि शेजारच्या केळ्यासाठी जमिनीच्या फळाचे.